सवय सुटते कशी? : इतिहासाची साक्ष



कामगार चळवळीतल्या माणसाने महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे. वाईट सवयींवर बोलण्याचा अधिकार कीर्तनकाराचा किंवा डॉक्टरांचा, असे आपणांपैकी काहींना वाटत असेल. पण पगाराच्या दिवशी संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाबाहेर जो उभा राहिला आहे, त्याला या विषयाचे नवल वाटणार नाही. महिनोन्‌महिने वाटाघाटी करावयाच्या, उपोषणे करावयाची, पदरात चार पैसे पाडून घ्यावयाचे, आणि त्यांतला मोठा वाटा फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेतच कुठे जिरतो ते डोळ्यांनी पाहावयाचे, हे आमच्या वाट्याला वर्षानुवर्षे आले आहे. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयात बसून. म्हणून मानसशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. आपल्या मुलखात सवयी कशा आल्या, कशाने टिकल्या आणि कुणी कशा मोडल्या, याचा इतिहास मात्र आम्ही जमेल तितका धुंडाळला आहे. तोच आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

आरंभ आपल्या शहरापासूनच करू. मलिक अंबराने १६१० मध्ये येथे खडकी वसविली. तिचे पुढे औरंगाबाद झाले आणि आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो. खडकीच्या आधी अवघी पाचसहा वर्षे, १६०४-०५ च्या सुमारास, अकबराचा एक सरदार असदबेग विजापुराहून परतला आणि त्याने बादशहापुढे एक नवी चीज ठेवली : तंबाखू आणि ती ओढावयाची नळी. पोर्तुगीजांनी ती समुद्रमार्गे आणलेली. विजापुरात ती रुळली होती, आग्र्यास मात्र अपूर्वाईची होती. अकबराने झुरका घेऊन पाहिला, हकिमाने अडविले, पण दरबारी मंडळींनी ती उचललीच. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. बादशाही फर्मान होते. मोडणाऱ्याला काय भोगावे लागेल हे कुणाला सांगावे लागत नव्हते. तरीही तंबाखू गेली नाही. जहांगीर गेला, मोगलाई गेली, निजामी गेली, आणि तंबाखू चुन्यासकट आमच्या खिशात राहिली. आपले शहर आणि आपली ही सवय जवळजवळ एका वयाची आहेत. नुसत्या फर्मानाने सवय जात नाही, याचा हा आपल्या घरचा पहिला दाखला.

मग सवय टिकते कशावर? आम्ही स्वतः बावीस वर्षे तंबाखू मळली, तेव्हा ही गोष्ट आम्ही पुस्तकाआधी तळहातावर शिकलो. युनियनच्या कामाला नव्याने लागलो त्या दिवसांत अनोळखी कामगाराशी बोलणे काढावयाचे तर एकच किल्ली होती : "तंबाखू आहे का?" त्याने डबी पुढे करावी, आपण चुना घ्यावा, दोघांनी मळावी आणि तेवढ्या वेळात पगार, ओव्हरटाईम, मुकादमाची दादागिरी सारे बाहेर यावे. तंबाखू सोडावयाचा निश्चय आम्ही अनेकदा केला. घरी तो टिके, फाटकावर मोडे. पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले की आम्हांला तलफ येई ती घड्याळाप्रमाणे, पाळी सुटण्याच्या वेळी, त्याच कडुलिंबाखाली आणि त्याच चारचौघांत. वेळ, जागा आणि सोबत या तीन खांबांवर सवयीचा मांडव उभा असतो. आम्ही आपले मनाला दटावीत होतो आणि तिन्ही खांब जागच्या जागी ठेवीत होतो. शेवटी खिशात फुटाणे-शेंगदाण्यांची पुडी ठेवू लागलो आणि डबीऐवजी ती पुढे करू लागलो. हाताला चाळा मिळाला, बोलण्याला निमित्त मिळाले. मग तंबाखू सुटली. पहिले काही आठवडे चिडचिड झाली, झोप उडाली, हेही सांगितले पाहिजे.

हा केवळ आमचा अनुभव असता तर तो आपणांसमोर मांडला नसता. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन शिपायांपैकी सुमारे पाचांत एक तिकडे हेरॉईनच्या आहारी गेल्याचे १९७१ च्या सुमारास आढळले, तेव्हा अमेरिकेत हाहाकार उडाला. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या शिपायांचा माग घेतला. निघाले ते सर्वांनाच अनपेक्षित होते : तिकडे आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडलेले शंभरात पाचांच्या आसपासच भरले. औषध तेच, माणूस तोच. पण ती छावणी, ती भीती, तो रिकामा वेळ आणि ते सोबती मागे राहिले होते. सर्वांचे असे सहज सुटते असे नाही. परंतु मांडव उखडला की वेल पुष्कळदा आपोआप खाली येतो, एवढे यावरून दिसते.

आता दारूकडे वळू, कारण घरे बुडतात ती मुख्यतः तिच्यापायी. दारू आपल्या देशात जुनी आहे. मोहाची, ताडाची, शिंदीची पेये गावोगाव होती. सण, लग्न, मर्तिक यांना ती लागत. इंग्रज सरकारने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा केला, घरोघरची भट्टी गुन्हा ठरविली आणि गाळणे व विकणे परवान्याखाली आणले. १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागांसाठी मोहाच्या फुलांवरसुद्धा निर्बंध घालणारा कायदा झाला. दारू कमी व्हावी हा यामागचा हेतू असल्याचे सांगत. झाले असे की सणासुदीची दारू रोजच्या गुत्त्यावर येऊन बसली आणि प्रत्येक पेल्यात सरकार वाटेकरी झाले. ज्या सवयीत खजिन्याचा वाटा असतो, ती सवय एकट्या माणसाच्या निश्चयाने सुटणे किती कठीण!

हे ओळखले ते जोतीराव फुले यांनी. ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० च्या जुलैत त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांस पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली. पिणाऱ्याला शिव्या घालण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता; त्यांनी बोट ठेवले ते दुकानाच्या जागेवर आणि ते दुकान तेथे येऊ देणाऱ्या कारभारावर. सवयीचा दुसरा खांब जोतीरावांनी नेमका धरला होता.

त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी पहिला खांब धरला. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी ज्या मागण्या मांडल्या त्यांत आठवड्याची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा अशीही मागणी होती. १५ तारीख हीसुद्धा मागावी लागत होती! पगार आज देतील, उद्या देतील, अशा टांगणीला लागलेला माणूस वाण्याकडे उधार घेतो, सावकाराकडे जातो, आणि एकदाचे पैसे हाती आले म्हणजे महिन्याची सारी कोंडी एका रात्रीत फोडू पाहतो. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. पगाराची तारीख कायद्याने बांधावयास १९३६ साल उजाडले. त्या वर्षीच्या वेतनाच्या कायद्याने एक हजारापेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यात ७ तारखेच्या आत आणि मोठ्या कारखान्यात १० तारखेच्या आत पगार द्यावा, तोही कामाच्या दिवशी द्यावा, असे ठरविले. इंग्लंडात तर १८८३ मध्येच दारूच्या गुत्त्यात मजुरी वाटण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला होता. तिकडे मुकादम मजुरांना पैसे घेण्यासाठी गुत्त्यातच बोलावीत. दारू सोडविणाऱ्या कायद्यांत या कायद्यांची गणना कुणी करीत नाही. आमच्या मते ती करावयास हवी.

रविवार मिळाला, पण रविवारी करावयाचे काय? १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने, म्हणजे ना. म. जोशी यांच्या मंडळींनी, कामगारांसाठी वाचनालये आणि रात्रशाळा काढल्या. गिरणगावात आखाडे आणि भजनी मंडळे उभी राहिली, ती कामगारांनी स्वतः. ज्याची संध्याकाळ ढोलकी-टाळांत किंवा हौद्यातल्या मातीत जाई, त्याला गुत्त्याची आठवण तेवढी कमी येई.

आपल्या मराठवाड्यावर तेव्हा निजामाचा अंमल. येथला अबकारी कायदा वेगळा, १३१६ फसलीचा. पण तत्त्व तेच. दारू आणि शिंदी यांवर संस्थानच्या तिजोरीत मोठी रक्कम येई. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्यांनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. झाडावर कुऱ्हाड घालणे म्हणजे निजामाच्या महसुलावर घाव घालणे होते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले. झाडे तुटली, राजा गेला. पिणाऱ्याची संध्याकाळ मात्र होती तशीच रिकामी राहिली, आणि रिकाम्या संध्याकाळी गुत्ता पुन्हा भरला.

मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळाने, डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने, १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी केली. ती रुजण्यापूर्वीच त्या वर्षअखेर मंत्रिमंडळ पायउतार झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यात पूर्ण बंदी झाली. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो आणि १९५९ मध्ये तो कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. या बंदीमागची कळकळ खरी होती, आणि दुकान डोळ्यांआड झाल्याने पुष्कळ घरांत चूल पेटली असेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याला परवाना परवडे त्याला बाटली मिळे आणि ज्याला परवडत नसे त्याला हातभट्टी. भट्टीवाला, हप्ता घेणारा आणि पिणारा अशी नवी सोबत जमली. पुढे बंदी सैल होत गेली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम होऊन दुकाने राजरोस उघडली. हातभट्टी मात्र गेली नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. जहांगीराच्या फर्मानाला जे झाले तेच येथेही झाले. माल अडला, मांडव उभा राहिला.

तर मग सवयी कधी सुटल्याच नाहीत काय? सुटल्या आहेत, आणि आपल्याच मुलखात सुटल्या आहेत. वारकऱ्याकडे पाहा. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू बंद, मांस बंद. एवढ्याशा माळेत एवढे बळ कुठून येते? माळ गावादेखत घातली जाते. एकादशीचे भजन वेळ बांधते, देऊळ जागा देते, दिंडी सोबत देते, आणि दर वर्षी आषाढी-कार्तिकीला निश्चय पुन्हा ताजा होतो. नाथांच्या पैठणाजवळ राहणाऱ्या आपणांस हे निराळे सांगावयास नको. माळकऱ्याचे तिन्ही खांब बदललेले असतात.

दुसरा दाखला याहून मोठा आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाण्याचे सोडून द्या, असे आपल्या लोकांना सांगितले. या गोष्टीला सवय म्हणताना आमची जीभ अडखळते. ती गावगाड्याने लादलेली लाचारी होती. मेलेले ढोर ओढण्याचे काम आणि ते मांस एकाच जोखडाला बांधलेले होते. म्हणून ते सोडणे म्हणजे गावाशी वैर पत्करणे होते. ठिकठिकाणी बहिष्कार पडले, कामे बंद झाली, पाणवठे अडविले गेले. तरी लोकांनी ते सोडले आणि पुन्हा धरले नाही. कारण त्यांच्यापुढे सोडावयाच्या गोष्टीपेक्षा मोठी गोष्ट ठेवलेली होती : माणूस म्हणून ताठ उभे राहणे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास लाखो लोकांनी ज्या प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती एकट्याने मनात घेतलेली नव्हती. शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून मोठ्याने उच्चारलेली होती. आणि बाबासाहेबांनी रिकामी जागा रिकामी ठेवली नाही. या शहरात १९५० मध्ये त्यांनी महाविद्यालय सुरू केले, नागसेनवन उभे केले. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हते तेथली मुले संध्याकाळी दिव्याशी बसू लागली. आता त्या घरांतही दारू कुठेच राहिली नाही असे आम्ही म्हणणार नाही. प्रतिज्ञेला वर्षादिवसाची उजळणी पुरत नाही, ती रोज करावी लागते. पण एका समाजाने ठरवून, किंमत मोजून, सवय टाकल्याचा असा दाखला दुसरीकडे क्वचितच सापडेल.

तिसरा दाखला स्त्रियांचा. १९७२ च्या सुमारास, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याला, श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. जमिनीचा आणि मजुरीचा लढा चालू होता. त्या लढ्याच्या शिबिरांत स्त्रिया बोलावयास लागल्या तेव्हा पहिले गाऱ्हाणे निघाले ते दारूचे आणि मारहाणीचे. आम्हां युनियनवाल्यांना हा मोठा धडा होता. पुढे राज्यात ठिकठिकाणी हा आवाज वाढला. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. नोंदलेल्या मतदारांपैकी, झालेल्या मतांपैकी नव्हे, निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तरच दुकान जाते. म्हणजे जी बाई मजुरी बुडवून मतदानाला आली नाही तिचे मत दुकानाच्याच बाजूने धरल्यासारखे होते. तरीही कित्येक गावांनी बाटली आडवी केली आहे.

आता जे पुरते आहारी गेले त्यांच्याविषयी. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक दारुडा दुसऱ्या दारुड्याला भेटला. आपल्यासारख्याशी बोलत राहिलो तर आजचा दिवस निभावतो, असा दोघांना अनुभव आला आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ जगभर पसरली. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक आधार दिला. तेथे बरे झालेले मित्रच पुढे नव्याने येणाऱ्याला आधार देतात. गुन्हेगार म्हणून पाहिला जाणारा माणूस आजारी माणूस म्हणून पाहिला गेला, हे त्या कामाचे मोल. येथे एक व्यवहाराची सूचना केली पाहिजे : वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू तोडली तर हातपाय थरथरणे, भास होणे, आकडी येणे असे प्रकार होतात, प्रसंगी जिवावर बेतते. अशा माणसाला शपथ घालून कोंडून ठेवू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

आता आमच्या पदरातले माप आम्हीच घालतो. कामगार संघटनांनी या विषयावर फार काळ मौन पाळले. त्याला कारणही होते. मालक म्हणे, कामगार दरिद्री आहे कारण तो पितो. पगार वाढविला तर दारूवाल्याचेच भले. या लबाडीला उत्तर म्हणून आम्ही दारूचे नावच काढणे सोडले. त्यात आपल्या शहराची एक अडचण आणखी. चिकलठाणा आणि वाळूज या औद्योगिक वसाहतींत बिअरचे आणि मद्याचे कारखाने आहेत. तेथे राबणारे हातही आमचेच, त्यांच्या पगारासाठीही आम्ही भांडतो आणि भांडत राहू. पण बाटली भरणाऱ्याच्या हक्कासाठी लढणे आणि बाटलीने बुडणाऱ्याच्या घराकडे पाठ फिरविणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे समजावयास आम्हांला उशीर लागला.

एका सभासदाची बायको युनियनच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही पगार वाढविला, माझ्या घरात काय वाढलं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर त्या कारखान्यात आम्ही एक साधी गोष्ट केली. पगाराच्या दिवशी पाळी सुटण्याच्या वेळीच पतपेढीचा हप्ता भरण्याचे टेबल मांडले, चहा ठेवला, आणि बचतीच्या खात्यात बायकोचे नाव संमतीने घालून घेतले. तीन-चार जणांचे टोळके एकत्र घरी जाईल अशी जोडी लावून दिली. दोन वर्षे हे चांगले चालले. मग पुढाकार घेणारा गडी बदली होऊन गेला, पगार थेट बँकेत जाऊ लागला, टेबल उठले, आणि पुष्कळांचे पाय जुन्या वाटेला लागले. त्या बाईचा नवरा आज हयात नाही. खांब एकदा बदलून भागत नाही, ते राखावे लागतात, हे आम्ही अशा किमतीला शिकलो.

आजचे संकट आणखी चपळ आहे. पानाला पूर्वी ठेल्यावर जावे लागे, चार माणसे भेटत. गुटख्याच्या पुडीने वेळ आणि जागा दोन्हींची गरज संपविली. ती यंत्रापुढे उभ्या माणसाच्या खिशात राहू लागली. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तेव्हा मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी विकून वाट काढली गेली. २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकाने सहा आठवड्यांच्या आसपास बंद होती. मे महिन्यात ती उघडली तेव्हा लागलेल्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या. सक्तीचा उपास सुटला की माणूस अधिकच जेवतो.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. कायदा असावा, दुकान शाळेपासून, वस्तीपासून आणि फाटकापासून दूर असावे, यासाठी आपण भांडूच. पण आपल्या घरातला, गल्लीतला कुणी सवय सोडू पाहत असेल तर त्याला निश्चयाचा उपदेश करून सोडून देऊ नका. त्याची कठीण वेळ कोणती ते विचारा. त्या वेळी त्याच्या दारात जा. त्याची वाट बदला. त्याच्या हाताला दुसरे काही द्या. तो घसरला तर हसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी जा.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी ठरल्या वेळी, ठरल्या जागी, चारचौघांनी एकत्र बसून ऐकावे, एवढीच ती कल्पना. तिचीच वेल आपल्या गावी पोचली आणि आज आपण येथे बसलो आहोत. हीही एक सवयच आहे. उद्याही ह्याच वेळी या. येताना शेजारच्या घरातल्या त्या माणसाला हाक मारा, आणि त्याला आपल्याजवळ बसवून घ्या.